चामटोलीचे पंच

मांजर्ली, बदलापूर पश्चिम
२५ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. खरोखरचा साष्टांग, कारण आज ओल्या कोर्टावर मी दोनदा आडवी झाले.

राखीला आलात तेव्हा पाटीवर लिहिलं होतंत, "फोन नको, पत्र लिही." घशाच्या ऑपरेशनमध्ये तुमचा आवाज गेल्यापासून फोनवर मी एकटीच बडबडते आणि पलीकडून मामी "हसतायत गं" एवढंच सांगते. म्हणून घ्या, पत्र. बदलापुरातून चामटोलीला पत्र टाकते म्हटल्यावर पोस्टातल्या काकू हसल्या. रिक्षाने अर्ध्या तासात पोचशील, म्हणाल्या. पण पहाटे पाचला घर सोडायचं, सहाला उल्हासनगरला कॉलेजच्या कोर्टावर, मग लेक्चर, मग परत प्रॅक्टिस. रिक्षात बसायला वेळ कुठंय?

बातमी ही की मी कॉलेज टीमच्या पहिल्या पाचात आहे! यंदा अखिल भारतीय आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धा आहे. आधी विभाग, मग पश्चिम भारत, मग राष्ट्रीय. आमचं कॉलेज आजवर विभागाच्या पुढे गेलेलं नाही. आमचे कोच विनीत सर म्हणतात, यंदा जायचंच. पहिला सामना आम्ही ५८-४१ असा जिंकलो आणि त्यातले चोवीस माझे! तुम्ही बावीस वर्षं जिल्ह्याचे पंच होतात, म्हणून सरांकडून स्कोअरशीटची झेरॉक्स मागून घेतली. सोबत ठेवलीय. बारा नंबर माझा.

एकच कटकट आहे. लविना नावाची फर्स्ट इयरची पोरगी आलीय, सात नंबर. उल्हासनगरचीच, सिंधी. माझ्या खांद्याला लागते, पण बॉल तिच्याच हातात असतो, आणि मी मोकळी असले तरी तो मला देत नाही. बघू किती दिवस टिकते.

मामीला नमस्कार. खेळ बघायला या ना एकदा.

तुमची तेजल

---

चामटोली
१ सप्टेंबर २०२४

चि. तेजल,

आशीर्वाद. स्कोअरशीट तीनदा वाचली. ते बघून तुझी मामी म्हणाली, एवढ्या वेळा तर लग्नपत्रिकाही वाचत नाही तुम्ही.

चोवीस गुण चांगले. पण त्यातले अकरा शेवटच्या क्वार्टरमधले आहेत, म्हणजे सामना संपल्यात जमा झाल्यावरचे. आणि फाऊल चार. पाचव्याला बाहेर जावं लागतं, हे तुला मी सांगायला नको. त्या सात नंबरच्या मुलीचा फाऊल शून्य. एवढी बुटकी मुलगी चाळीस मिनिटं खेळते आणि एकदाही हात चुकत नाही, याचा अर्थ तिला पाय कुठे ठेवायचा ते कळतं. तिच्याकडे बघत जा.

खेळ बघायला यायचं जमणार नाही. अंगात पूर्वीचं बळ राहिलं नाही. शीट पाठवत जा. बावीस वर्षं वाचलंय ते, मला सामना दिसतो.

शेतातलं भात बरं आहे. मामीचा गुडघा तसाच.

मामा

---

मांजर्ली
२२ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप मामा,

तीन सामने झाले. एक हरलो, दोन जिंकलो, आणि विभागाच्या अंतिम सामन्यात पोचलो! तोही आमच्याच कोर्टावर, २० ऑक्टोबरला.

पावसाने आमची वाट लावलीय. सकाळी आधी वायपरने कोर्टावरचं पाणी काढायचं, तरी कोपरे ओलेच. मग लविनाच्या पप्पांनी त्यांच्या जीन्सच्या कारखान्यातून कापडाच्या तुकड्यांचं एक पोतं पाठवलं. आता आम्ही बारा जणी गुडघ्यावर बसून निळ्या चिंध्यांनी कोर्ट पुसतो. पुसून झालं की सगळ्यांचे तळहात निळे. समोरच्या टीमला वाटतं, ही आमची काही स्टाइल आहे.

आमची कॅप्टन भावना अंबरनाथची. तिचा आवाज एवढा मोठा की रस्त्यावरचे रिक्षावाले थांबून बघतात.

माझं मस्त चाललंय. हरलो त्या सामन्यात मी एकतीस केले, म्हणजे बघा. बाकी सगळं ठीक. तिन्ही शीट पाठवते आहे.

तुमची तेजल

---

चामटोली
१ ऑक्टोबर २०२४

चि. तेजल,

आशीर्वाद. सगळं ठीक आहे असं तू लिहिलंस. शीटवर तसं दिसत नाही.

तिसऱ्या सामन्यात तुझे बारा गुण, सगळे पहिल्या दोन क्वार्टरमधले. त्यानंतर तुझ्या नावापुढे काहीच नाही. बास्केट नाही, फ्री थ्रो नाही, फाऊलसुद्धा नाही. फाऊल केल्याशिवाय तू वीस मिनिटं खेळूच शकत नाहीस. म्हणजे तू बसलेली होतीस. दुखापत असती तर तू दोन पानं लिहिली असतीस. म्हणजे सरांनी बसवलं.

आता जे लिहितो त्याचा राग येईल. तू बाहेर बसलीस तेव्हा संघ आठ गुणांनी मागे होता. तू बसलेली असताना तो पाच गुणांनी जिंकला. तुझे नऊ झाले तो सामना जिंकलात. एकतीस झाले तो हरलात. पहिला सामना मी धरत नाही, समोरचा संघ कच्चा होता.

पंचाचं काम गोड बोलण्याचं नसतं. तू गुण मोजतेस, मी सामना वाचतो.

मामा

---

चामटोली
२४ ऑक्टोबर २०२४

चि. तेजल,

आशीर्वाद. तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. शीटही नाही. रागावली आहेस हे समजलं. राग असावा, पण तो कोर्टावर नेऊ नये.

विभागाचा अंतिम सामना जिंकलात हे पेपरात वाचलं. अभिनंदन. भावनाने शेवटच्या दोन मिनिटांत संघ चांगला सांभाळला. पण एक गोष्ट मला बरी वाटली नाही. लविना पडली तेव्हा तू तिच्यापासून दोन पावलांवर होतीस, आणि तिच्या बाजूने निघून गेलीस. भावना पलीकडच्या टोकाकडून धावत आली आणि तिने तिला उठवलं. आपल्या माणसाला उठवायला गुण लागत नाहीत.

पत्र लिही. मामी रोज विचारते.

मामा

---

मांजर्ली
२८ ऑक्टोबर २०२४

मामा,

कोण पडलं आणि कोणी उठवलं, हे कुठल्या शीटवर लिहिलेलं असतं? आणि कुठल्या पेपरात? मी दोन दिवस सगळे पेपर चाळले. कुणी एक ओळही छापलेली नाही.

तुम्ही आला होतात.

भावनाला विचारलं. ती म्हणाली, पाण्याच्या टाकीजवळ एक काका उभे होते, ऑक्टोबरच्या उन्हात गळ्याला मफलर गुंडाळून. शेवटची शिट्टी झाली आणि ते निघून गेले. मामा, मी तिथे पन्नास पावलांवर होते! आईचा भाऊ माझा सामना बघायला येतो आणि मला न भेटता जातो? बळ नाही म्हणालात आणि चामटोलीहून उल्हासनगरपर्यंत आलात, दोन तास उन्हात उभे राहिलात. मला एवढा राग आला की तुमचं आधीचं पत्र फाडलं. मग त्याहून जास्त आनंद झाला. मग रडले. मग चिकटपट्टीने पत्र जोडलं.

आता खरं सांगते. सरांनी बसवलं होतं. मी बॉल गेल्यावर मागे धावत नव्हते, म्हणून. आणि लविनाला मी मुद्दाम उठवलं नाही.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी कॉलेज सुटल्यावर तिला शोधत गेले. उल्हासनगरच्या कॅम्प पाच वस्तीत त्यांचा कारखाना आहे, खाली मशिनी, वर घर. ती जीन्सचे धागे कापत बसली होती. मी सॉरी म्हटलं. ती कात्री न थांबवता म्हणाली, ठीक है. मग मीच विचारलं, तू मला पास का देत नाहीस? तिने वर बघितलं.

"तेरे को दिया तो बॉल वापस आता ही नहीं," ती म्हणाली.

रागाने नाही. भाव सांगावा तसं सांगितलं. तुम्ही दोन पानांत लिहिलं तेच तिने एका ओळीत. मी तिथेच बसले आणि तिच्याबरोबर धागे कापले. तिच्या आईने आम्हाला पापड आणि पाणी दिलं. उशीर झाला म्हणून तिचे पप्पा स्कूटरवरून स्टेशनला सोडायला आले.

आज सरांकडे गेले. म्हटलं, मला पॉइंट नकोत, दुसरं काम द्या. सर म्हणाले, समोरच्या टीमची सगळ्यात भारी खेळाडू आजपासून तुझी. ती जिथे जाईल तिथे तू.

पण तुम्ही का लपलात ते सांगा. नाहीतर एकही शीट मिळणार नाही.

तेजल

---

चामटोली
६ नोव्हेंबर २०२४

चि. तेजल,

आशीर्वाद. भाऊबीजेला तू डोळ्यांनी विचारत होतीस. घरात सगळे होते, म्हणून पाटी बाहेर काढली नाही.

मी पंच होतो तेव्हा माझी शिट्टी एकदा वाजली की दहा खेळाडू जागच्या जागी थांबत. अंबरनाथला कंपनीत मी साधा कामगार, पण कोर्टावर मोठमोठे साहेबही माझ्याकडे बघून हात वर करून फाऊल कबूल करायचे. आता माझा श्वास नाकातोंडातून जात नाही, मानेला ठेवलेल्या भोकातून जातो. मफलर त्याच्यासाठी. ऑपरेशननंतर एकदा जुनी शिट्टी ओठांत धरली. फुंकर येतच नाही. शिट्टी वाजत नाही.

तुझ्या मैदानावर मला ओळखणारी माणसं आहेत. ती येतात, बोलायला लागतात आणि मग त्यांची नजर मानेवर जाते. पुढे ती मोठ्याने बोलतात, जणू मी बहिरा झालोय. तुझ्या मैत्रिणींसमोर ते नको होतं. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी, असं मी स्वतःला सांगितलं. ते पूर्ण खरं नाही.

सरांना सांगितलंस ते उत्तम केलंस. राखणाऱ्याचे गुण शीटवर येत नाहीत. पण समोरच्या मुलीचे न झालेले गुण मला दिसतील. शीट पाठव.

मामा

---

मांजर्ली
१९ जानेवारी २०२५

मामा!!

पश्चिम भारत जिंकलो!!! पाच सामने, पाचही जिंकले. गुजरातची एक पोरगी दर सामन्याला तीस करत होती. माझ्यासमोर तिचे अकरा झाले. अकरा! शेवटी ती मला हिंदीत म्हणाली, "दीदी, थोडा पानी तो पीने दो." त्या सामन्यात माझे सगळे मिळून फक्त सहा आणि मी आयुष्यात एवढी खूश नव्हते. लविना आता मला पास देते आणि "डे, डे" करून ओरडते. सिंधीत डे म्हणजे दे. आता सगळी टीमच डे म्हणते, भावनासुद्धा.

राष्ट्रीय स्पर्धा कोइमतूरला, फेब्रुवारीत. आमच्या कॉलेजातून पहिल्यांदाच! उल्हासनगरच्या बाजारात आमचा बॅनर लागलाय. माझे डोळे त्यात मिटलेले आहेत.

मामा, चला ना. सरांना विचारलंय, टीमबरोबर एक मोठं माणूस चालेल. पहिल्या रांगेत बसा, मफलर लावून किंवा न लावता. माझ्या मैत्रिणींना मी सगळं सांगितलंय. कुणी मोठ्याने बोलणार नाही. भावना सोडून, ती सगळ्यांशीच तशी बोलते.

तेजल

---

चामटोली
२७ जानेवारी २०२५

चि. तेजल,

तुझं पत्र मामीने शेजारच्या तीन घरांत वाचून दाखवलं.

मी येत नाही. दोन दिवसांचा प्रवास, धूळ, ते भोक साफ ठेवायचं. डॉक्टर नको म्हणतात. यावेळी हे खरं कारण आहे, मामीला विचार. सामना मोबाइलवर दिसणार असं सुयोग म्हणतो, तोच आमचा कोपऱ्यावरचा दुकानदार.

राष्ट्रीय पंच कडक असतात. हात मागे ठेव, पाय आधी पोचव. एवढंच.

यशस्वी हो.

मामा

---

परतीची गाडी, मंत्रालयम रोडच्या पुढे कुठेतरी
१७ फेब्रुवारी २०२५, दुपार

मामा,

अक्षर हलतंय, कारण गाडी हलतेय आणि मीही. आम्ही राष्ट्रीय विजेते आहोत. हे वाक्य मी सकाळपासून चार वेळा लिहून बघितलं.

तुम्ही सामना बघितला असेल, तरी कोर्टावरून कसं होतं ते सांगते. केरळचा संघ, गेल्या वर्षीचा विजेता. त्यांची दहा नंबर पावणेसहा फूट आणि वाऱ्यासारखी. ती माझी होती. पहिल्या अर्ध्यात आम्ही नऊने मागे. मध्यंतरात सरांनी फक्त पाणी दिलं. भावना मात्र म्हणाली, आपण वायपर मारून इथपर्यंत आलोय, यांचं कोर्ट तर कोरडं आहे. सगळ्या हसल्या आणि तिथून आमचं सुरू झालं. लविना कुणालाच सापडेना. एकटीने बावीस केले.

शेवटी ६१-६०, आम्ही एकाने पुढे. सात सेकंद. बॉल त्यांचा. आणि माझे फाऊल चार.

पाचवा झाला असता तर मी बाहेर आणि त्यांना दोन फ्री थ्रो. सरांना वाटलं असणार मला काढावं. मी बेंचकडे बघितलं, त्यांनी मान हलवली. राहा.

दहा नंबरने बॉल घेतला आणि सरळ निघाली. मला ती येताना दिसली. हात मागे घेतले, पाय रोवले आणि उभी राहिले. पळायचं नाही एवढंच डोक्यात होतं. ती छातीवर आदळली. मी पाठीवर पडले, शिट्टी ऐकली आणि पडल्या पडल्या बॉल जाळीतून खाली येताना बघितला. हॉल असा ओरडला की मला वाटलं, संपलं. माझा पाचवा फाऊल, त्यांचं बास्केट, सगळं माझ्यामुळे. डोळे मिटून घेतले. मामा, त्या दोन-तीन सेकंदांत मला तुमची फार आठवण आली. कुणीतरी सांगायला हवं होतं, काय झालं ते.

मग कुणीतरी माझे दोन्ही हात धरून ओढलं. लविना. ती रडत होती आणि सिंधीत काहीतरी बोलत होती. पंचांनी मूठ तळव्यावर आपटलेली आणि हात आमच्या बाजूला केलेला. फाऊल तिचा! बास्केट बाद! लविनाने बॉल आत टाकला, भावनाने पोटाशी धरला आणि भोंगा वाजला.

माझे आठ. पाठीवर पानाएवढी काळी-निळी खूण आहे. आईला सांगू नका.

उद्या पोचतो. परवा आधी चामटोलीला येईन, करंडक घेऊन. सर एक दिवस द्यायला तयार आहेत.

तेजल

---

चामटोली
२० फेब्रुवारी २०२५

चि. तेजल,

आशीर्वाद. काल तू, लविना आणि भावना येऊन गेलात. घरात एवढा कल्ला होता की मला जे सांगायचं होतं ते राहिलं. आणि ते मला लिहूनच सांगायचं होतं.

तुझं ट्रेनमधलं पत्र आज सकाळी आलं. ते दोन-तीन सेकंद इथे कसे गेले ते ऐक.

सुयोगने दुकानातला टीव्ही मोबाइलला जोडून बाहेर ओट्यावर मांडला होता. अर्धी आळी जमली. बास्केटबॉल कुणालाच कळत नाही, म्हणून सगळे मला विचारत होते आणि मी पाटीवर लिहून दाखवत होतो. तीन गुण का, घड्याळ का थांबलं, त्या मुली का बदलतात. लिहून लिहून बाह्या पांढऱ्या झाल्या. बऱ्याच दिवसांनी कुणी माझ्या मानेकडे बघत नव्हतं. सगळे पाटीकडे बघत होते.

एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. दवाखान्यातून मला बोलायचं एक यंत्र मिळालंय. टॉर्चएवढं असतं, गळ्याला लावलं की ते कंप पावतं आणि ओठ हलवले की शब्द उमटतात. आवाज माणसाचा नाही, डब्यातून आल्यासारखा. एकदाच लावून बघितलं, स्वतःचा आवाज ऐकला आणि दीड वर्ष कपाटात ठेवून दिलं. मामीलाही कधी ऐकवला नाही. त्या दिवशी घरातून निघताना तिने ते माझ्या खिशात घातलं. मी रागाने बघितलं. ती म्हणाली, असू द्या, जड नाही.

ती मुलगी तुझ्यावर आदळली, तू पडलीस आणि बॉल जाळीत गेला. सगळे ओरडले. शेजारची भिमाकाकू कपाळावर हात मारून म्हणाली, गेलं, पोरीने फाऊल केला. सुयोगने टीव्ही बंद करायला हात पुढे केला. पाटीकडे बघायला कुणालाच वेळ नव्हता.

तुझे पाय मला दिसले होते. हात मागे होते. शिट्टी आधी झाली होती, बॉल नंतर सुटला होता.

मी कधी उठलो, यंत्र कधी गळ्याला लावलं, मला आठवत नाही. मी बोललो, "चार्जिंग. तिचा फाऊल. बास्केट नाही. बॉल आपला."

सगळे माझ्याकडे वळले. आणि तेवढ्यात टीव्हीवर त्या पंचाने मूठ तळव्यावर आपटली.

मग जे झालं ते विचारू नकोस. सुयोगने मला उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही. बायका म्हणू लागल्या, काकांनी आधी सांगितलं, मग त्याने दिलं. कुणीतरी फटाके आणले. उरलेले सेकंद कुणी धड बघितलेच नाहीत.

तुझी मामी टीव्हीकडे बघतच नव्हती. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, अगदी जवळ, आणि तिने यंत्र धरलेला माझा हात पुन्हा माझ्या गळ्याशी नेला.

"परत बोला," ती म्हणाली.

दोन वर्षांनी बायकोशी काय बोलावं, मला काही सुचेना. म्हणून तेच परत बोललो.

मामा